न हटणारें नैराश्य आणि विजेचे उपचार

मराठी भाषेंत ‘हाय खाणें’ असा एक वाक्प्रचार आहे आणि बीड जिल्ह्याच्या गांवोगांवीं तो आजहि ऐकूं येतो. हातचें पीक गेलें, घरांतलें माणूस दगावलें, देणेंकऱ्यांचा तगादा लागला, आणि घरचा कर्ता पुरुष खाटेला खिळला, म्हणजे शेजारीपाजारी म्हणतात, ‘त्यानें हाय खाल्ली.’ या तीन शब्दांत सहानुभूति आहे, पण त्याबरोबर एक निकालहि आहे. हाय खाल्लेला मनुष्य आतां पुन्हां उभा राहावयाचा नाहीं, असा तो निकाल. हा निकाल कितपत खरा आहे, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

दुःख निराळें आणि नैराश्याचा रोग निराळा. दुःखाला भरती असते तशी ओहोटीहि असते. पुत्रशोकानें विव्हल झालेली आईसुद्धां कांहीं दिवसांनीं दुसऱ्या मुलाला जवळ घेते, चुलीपाशीं बसते, क्वचित् हसतेहि. नैराश्याच्या रोगांत ओहोटी येत नाहीं. दोन आठवडे, दोन महिने, कधीं वर्षहि लोटतें, तरी दिवसाचा बहुतेक वेळ मन काळवंडलेलें राहतें. कशांतच गोडी वाटत नाहीं, पहांटे अवेळीं झोप मोडते, अन्नावरची वासना उडते, बोलणें व चालणें मंदावतें. आपण कोणाच्याहि उपयोगाचे नाहीं हा एकच विचार घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो आणि शेवटीं जगणेंच नको, अशी भावना बळावते. खेड्यांतील रुग्ण पुष्कळदां मनाची गोष्ट बोलतच नाहीं. तो सांगतो अंगदुखी, छातींतली धडधड, पोटांत उठणारा गोळा. घरचे लोक कधीं त्याला आळस म्हणतात, कधीं ढोंग म्हणतात आणि कधीं बाहेरची बाधा ठरवून मोकळे होतात. वास्तविक मधुमेह जसा रोग, तसाच हाहि रोग. त्याला औषधें आहेत, बोलून करावयाचे शास्त्रशुद्ध उपचार आहेत, आणि बरे होणारे रुग्णहि पुष्कळ आहेत.

परंतु सर्वच बरे होतात असें नव्हे. अमेरिकेंत सुमारें ४००० रुग्णांची एक मोठी पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. तींत एका औषधानें गुण न आल्यास दुसरें, मग तिसरें, मग चौथें, अशा पायऱ्यांनीं उपचार करण्यांत आले होते. पहिल्या औषधानें स्थूलमानानें तिघांपैकीं एक रुग्ण पूर्ण बरा झाला. दुसऱ्या पायरीवर आणखी पुष्कळांना गुण आला. पण तिसऱ्या व चौथ्या पायरीपर्यंत ज्यांना जावें लागलें, त्यांच्यापैकीं प्रत्येक पायरीवर शंभरांत तेरा-चौदाच रुग्ण पूर्ण बरे झाले. २०२३ सालीं याच आंकड्यांची फेरतपासणी करणाऱ्यांनीं तर एकूण यश त्याहूनहि कमी ठरविलें. दोन निरनिराळीं औषधें योग्य मात्रेंत, प्रत्येक निदान सहा ते आठ आठवडे घेऊनहि जो रोग हटत नाहीं, त्याला डॉक्टर ‘औषधांना दाद न देणारें नैराश्य’ म्हणतात. विजेच्या उपचारांचा विचार येतो तो अशा रुग्णांसाठीं.

या व्याख्येंतील ‘योग्य मात्रा’ आणि ‘सहा ते आठ आठवडे’ हे शब्द बीड जिल्ह्याच्या संदर्भांत फार महत्त्वाचे आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतून लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, अशी तेथें मोजदाद. कारखान्यांचा गाळप हंगाम संपेपर्यंत पांच-सहा महिने फडांत, कोपींत, पाचटाच्या सोबतीनें संसार चालतो. आतां कल्पना करावी कीं, भाद्रपदांत एखाद्या स्त्रीस डॉक्टरांनीं नैराश्यावरील गोळी सुरू केली. या गोळीचा गुण दिसावयास तीन-चार आठवडे लागतात. गुण दिसूं लागतो न लागतो तोंच टोळीची गाडी दारांत उभी राहते. बरोबर नेलेल्या गोळ्या संपतात. फडाच्या आसपास ना ओळखीचा डॉक्टर, ना खाडा करण्याची सोय. चैत्रांत ती परत येते तेव्हां पुन्हां अंथरुणाला खिळलेली असते, आणि घरचे सांगतात, ‘औषध झालें, कांहीं उपयोग झाला नाहीं.’ येथें औषध हरलें असें म्हणतां येणार नाहीं. औषधाला लढूंच दिलें नाहीं. बरें वाटूं लागल्यावरहि आणखी निदान सहा महिने औषध चालू ठेवावें लागतें, नाहीं तर रोग उलटतो. ज्या जिल्ह्यांत अर्धें वर्ष घराबाहेर जातें, तेथें हा नियम पाळणें किती कठीण, हें निराळें सांगावयास नको.

म्हणून खरा हट्टी रोग कोणता आणि अर्धवट उपचारामुळें हट्टी भासणारा कोणता, हें आधीं निवडावें लागतें. कंठग्रंथीचा, म्हणजे थायरॉईडचा स्राव कमी पडला तरी माणूस असाच मंद व उदास होतो. रक्तक्षयानेंहि थकवा येतो. कांहीं रुग्णांत नैराश्य व उन्माद आलटून पालटून येतात, त्यांचीं औषधें निराळीं. दारूचें व्यसन असेल तर तें दूर झाल्यावांचून कोणतीच गोळी लागू पडत नाहीं. एवढी छाननी झाल्यावरहि जो रोग जागचा हलत नाहीं, त्याच्यासाठीं विजेचें दार उघडतें.

विजेचा आणि मनाचा संबंध काय, असा प्रश्न साहजिकच मनांत येईल. त्याचें उत्तर बेडकाच्या हृदयावरील एका प्रसिद्ध प्रयोगांत सांपडतें. १९२१ सालीं ऑटो लोवी या शास्त्रज्ञानें दोन बेडकांचीं धडधडणारीं हृदयें क्षारमिश्रित पाण्यांत ठेविलीं. पहिल्या हृदयाला जाणाऱ्या मज्जातंतूस विजेनें चेतविलें, तेव्हां त्या हृदयाची गति मंदावली. मग त्यानें त्या हृदयाभोंवतींचें पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलें. दुसऱ्या हृदयास विजेचा स्पर्शहि झाला नव्हता, तरी त्याचीहि गति मंदावली. म्हणजे मज्जातंतूंतून धांवणारा संदेश विजेचा असला, तरी टोंकाशीं पोंचतांच तो एक रसायन सोडतो आणि पुढचें काम तें रसायन करतें. या शोधाबद्दल लोवीला १९३६ चें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. मेंदूंतहि वीज आणि रसायनें हीं अशींच जोडीनें काम करितात. गोळी रसायनाच्या बाजूनें मेंदूंत शिरते. विजेचे उपचार दुसऱ्या बाजूनें त्याच घरांत शिरतात.

लोवीनें चेतविलेला तो मज्जातंतु म्हणजेच व्हेगस. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘भटक्या’ असा आहे आणि तो यथार्थ आहे. मेंदूच्या बुडाशीं निघून हा मज्जातंतु मानेंतून खालीं उतरतो आणि स्वरयंत्र, फुप्फुसें, हृदय, जठर व आंतडीं अशी सगळी यात्रा करितो. त्याची एक लहानशी शाखा कानाच्या भोंकापर्यंत जाते. कान कोरतांना कांहीं लोकांना एकाएकीं खोकल्याची उबळ येते, ती या शाखेमुळें. या मज्जातंतूंतील सुमारें ८० टक्के धागे शरीराकडून मेंदूकडे वार्ता नेणारे असतात. हुकूम खालीं नेणारे धागे थोडे. आपण समजतों मेंदू शरीराला आज्ञा करितो, पण या वाटेवर शरीरच मेंदूला अधिक बोलतें. तेव्हां मानेपाशीं या मज्जातंतूस हलकेच चेतविलें, तर तो संदेश कवटी न उघडतां मेंदूपर्यंत पोंचेल, ही कल्पना या उपचाराच्या मुळाशीं आहे.

या विद्येच्या इतिहासांत १९३८ हें साल लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं बेली आणि ब्रेमर या दोन संशोधकांनीं मांजराचा व्हेगस मज्जातंतु विजेनें चेतविला असतां मेंदूच्या पृष्ठभागावरील विद्युल्लहरींत बदल होतो, असें दाखविलें. त्याच वर्षीं रोम शहरांत चेर्लेत्ती आणि बिनी यांनीं मनोरुग्णाच्या डोक्यास विजेचा प्रवाह देऊन कृत्रिम आंकडी आणण्याचा उपचार प्रथम केला. पहिला शोध जवळजवळ अर्धें शतक प्रयोगशाळेंतच राहिला. दुसरा मात्र झपाट्यानें जगभर पसरला आणि त्याला लोक ‘शॉक’ म्हणूं लागले.

शॉकच्या नांवानें अजूनहि घरोघर धडकी भरते. जुन्या काळीं भूल न देतां तो देत, रुग्णाचें अंग कडकडून आखडे, प्रसंगीं हाडहि मोडे. चित्रपटांनीं तेंच दृश्य लोकांच्या मनावर कायमचें कोरलें. आजची रीत अगदीं निराळी आहे. रुग्णास भूल देतात, स्नायू शिथिल करणारें औषध देतात, प्राणवायु चालू ठेवतात, आणि मग थोड्या सेकंदांपुरता प्रवाह देतात. आंकडी मेंदूंत येते, अंग फारसें हलत नाहीं. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें भूल व स्नायू शिथिल करणारें औषध यांवांचून हा उपचार करण्यास मनाईच केली आहे. साधारणतः सहा ते बारा वेळां तो द्यावा लागतो. त्या काळांतल्या कांहीं आठवणी पुसट होतात, हा त्याचा मुख्य दोष. पण ज्या रुग्णानें अन्नपाणी सोडलें आहे, ज्याच्या मनांत जीव देण्याचा विचार घट्ट बसला आहे, त्याच्यासाठीं याहून त्वरित व परिणामकारक उपाय आजहि क्वचितच सांपडतो. तेव्हां ‘शॉक’ हा शब्द ऐकतांच रुग्णाला घरीं परत नेणें, हें कित्येकदां त्याचा शेवटचा आधार काढून घेण्यासारखें होतें.

शॉकनंतर दुसरा मार्ग निघाला तो चुंबकाचा. बदलत्या चुंबकीय क्षेत्रानें वीज उत्पन्न होते, हें फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें होतें आणि शाळेंतील मुलेंहि तें शिकतात. १९८५ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तारेचें वेटोळें डोक्याजवळ धरून, कवटीला धक्का न लावतां, मेंदूंत सूक्ष्म वीज उत्पन्न करून दाखविली. पुढें याच तत्त्वावर नैराश्याचा उपचार बसविण्यांत आला आणि २००८ सालीं अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्यानें त्याला मान्यता दिली. रुग्ण जागा असतो, खुर्चींत बसतो, टकटक असा आवाज ऐकतो आणि उपचार संपल्यावर स्वतःच्या पायांनीं घरीं जातो. अडचण एवढीच कीं, आठवड्यांतून पांच दिवस, चार ते सहा आठवडे, हें चालावें लागतें. पुण्या-मुंबईच्या रहिवाशास तें जमतें. गेवराईच्या किंवा पाटोद्याच्या रुग्णास महिनाभर शहरांत बिऱ्हाड करावें लागेल.

तिसरा मार्ग तो भटक्या मज्जातंतूचा. माणसाच्या मानेंत असें यंत्र प्रथम १९८८ सालीं बसविण्यांत आलें, तें अपस्मारासाठीं, म्हणजे फेंफऱ्यासाठीं. अपस्मारावरील या उपचाराला अमेरिकेंत १९९७ सालीं मान्यता मिळाली. त्या रुग्णांकडे पाहतां पाहतां डॉक्टरांच्या एक गोष्ट ध्यानांत आली कीं, ज्यांच्या आंकड्या फारशा कमी झाल्या नव्हत्या, त्यांतील कित्येकांचाहि उदासपणा मात्र उणावला होता. तेथून नैराश्यासाठीं प्रयोग सुरू झाले.

शस्त्रक्रिया मोठी नाहीं. डाव्या गळपट्टीच्या हाडाखालीं, कातडीच्या आंत, एक चपटें लहानसें विद्युत् यंत्र बसवितात. त्यापासून निघालेली तार मानेंत नेऊन डाव्या व्हेगसभोंवतीं वेलीसारखी गुंडाळतात. डावी बाजू निवडण्याचें कारण असें कीं, हृदयाची गति ठरविणाऱ्या केंद्राशीं उजव्या व्हेगसचा संबंध अधिक निकट असतो. सामान्यतः यंत्र ३० सेकंद मज्जातंतूस चेतवितें आणि मग ५ मिनिटें विसांवा घेतें. हा क्रम रात्रंदिवस चालतो. आवाज घोगरा होणें, खोकला येणें, घशांत टोंचल्यासारखें वाटणें, चढावर दम लागणें, हे त्याचे नेहमींचे त्रास आहेत. ते बहुधा यंत्र चालू असतांनाच जाणवतात. रुग्णाजवळ एक लोहचुंबक दिलेला असतो. तो छातीवर धरला कीं यंत्र तेवढ्यापुरतें थांबतें. कीर्तनकारास, शिक्षकास, किंवा ज्याचा आवाज हेंच ज्याचें साधन त्यास ही सोय विशेष उपयोगी.

या यंत्राचा गुण किती, हें सांगतांना लपवाछपवी करतां कामा नये. पहिल्या मोठ्या चांचणींत सर्व रुग्णांना यंत्र बसविलें होतें, पण निम्म्यांचें चालू केलें नव्हतें. दहा आठवड्यांनीं पाहतां, चालू यंत्राच्या गटांत सुमारें १५ टक्के व बंद यंत्राच्या गटांत १० टक्के रुग्णांना ठळक आराम होता. हा फरक शास्त्रीय कसोटीस उतरला नाहीं. तरीहि दीर्घकाळच्या निरीक्षणांवर भिस्त ठेवून २००५ सालीं अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्यानें मान्यता दिली आणि त्यावरून वाद झाला. २०१७ सालीं पांच वर्षांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत ७९५ रुग्ण होते. ज्यांना यंत्र होतें, त्यांतील जवळजवळ ६८ टक्क्यांना त्या काळांत एकदां तरी ठळक आराम मिळाला होता. ज्यांना यंत्र नव्हतें, त्यांत हें प्रमाण ४१ टक्के होतें. मात्र कोणाला यंत्र द्यावयाचें हें तेथें चिठ्ठ्या टाकून ठरविलेलें नव्हतें, म्हणून हा पुरावाहि निर्विवाद नाहीं. पुढें जवळजवळ ५०० रुग्णांची वर्षभराची नवी चांचणी झाली. तिच्या मुख्य कसोटींत दोन्ही गटांत ठाम फरक दिसला नाहीं, कारण बंद यंत्राच्या गटांतहि पुष्कळांना बरें वाटलें. कांहीं दुय्यम मोजमापांत मात्र चालू यंत्राची बाजू सरस ठरली.

या सर्वांतून तात्पर्य एवढेंच निघतें कीं, हा उपचार जादूचा नाहीं आणि टाकाऊहि नाहीं. ज्यांना पुष्कळ औषधांनीं गुण आला नाहीं, त्यांतील कांहींना तो साहाय्य करितो, आणि करितो तेंहि सावकाश. आठवड्यांत नव्हे, महिन्यांत, कधीं वर्षानें. म्हणून आज जीव धोक्यांत असलेल्या रुग्णासाठीं तो उपयोगाचा नाहीं. शिवाय यंत्राची किंमत लाखांच्या घरांत जाते. वर्षांनीं विद्युत्-घट संपला कीं पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागते. कानाच्या शाखेस बाहेरूनच चेतविणारीं स्वस्त यंत्रें निघालीं आहेत व त्यांवर संशोधन चालू आहे. पण जाहिरात वाचून तसलें यंत्र घरीं आणावें आणि चालू औषध बंद करावें, हा मार्ग घाताचा आहे.

मग बीड जिल्ह्यांतील माणसाला या सगळ्याचा उपयोग काय? उपयोग हा कीं, शिडी केवढी उंच आहे हें कळल्यावर खालच्या पायऱ्या गाळूं नयेत हेंहि कळतें. या जिल्ह्यांत अंबाजोगाईसारख्या मुकुंदराजांच्या समाधीच्या गांवीं स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून आहे. जिल्हा रुग्णालयांतून मानसिक आरोग्याचा कार्यक्रम चालतो. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांसाठीं ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यांत बीड होतें. २०२२ च्या ऑक्टोबरांत केंद्र शासनानें ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनि-सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, आणि मराठींतूनहि, बोलतां येतें. उसाच्या फडांतून, कोपीच्या दारांत बसूनहि हा क्रमांक लागतो, ही लहान गोष्ट नव्हे. ऊसतोडीस निघण्यापूर्वीं डॉक्टरांना तसें स्पष्ट सांगून पुढील महिन्यांच्या औषधांची तजवीज करून घ्यावी आणि चिठ्ठी जवळ बाळगावी. त्या चिठ्ठीवर दुसऱ्या गांवचा डॉक्टरहि औषध पुढें चालवूं शकतो.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पाऊस पडला नाहीं, भाव मिळाला नाहीं, उचल फिटली नाहीं, याला मज्जातंतु काय करणार? विजेनें कर्ज फिटत नाहीं हें खरेंच. कर्जाचा विचार सरकारनें व समाजानें करावयाचा आहे, आणि दुष्काळाला रोग ठरवून ती जबाबदारी टाळतां येणार नाहीं. परंतु त्याच दुष्काळांत दोन शेजारी सांपडतात. एकाची रात्रीची झोप उडते, तरी सकाळीं तो बँकेंत जातो, सोयऱ्यांना विचारतो, वाट काढतो. दुसऱ्याला अंथरुणांतून उठवत नाहीं, आणि समोर असलेली वाटहि दिसत नाहीं. या दुसऱ्याची दृष्टि रोगानें झांकली आहे. ती मोकळी केली म्हणजे त्याचें कर्ज सरत नाहीं. पण कर्जाशीं झगडावयास तो माणूस उरतो.

शहरांतील सुशिक्षित घरांनींहि यांतून एक बोध घ्यावा. तेथें हाय खाल्ली असें म्हणत नाहींत. ‘जरा मनाला लावून घेतलें आहे’ असें म्हणतात आणि सूनबाईंची गोळी पाहुण्यांपासून लपवितात. गुण येतांच ती बंद करितात, कारण ‘सवय लागेल’. फडावर गेलेल्या बाईची गोळी नाइलाजानें सुटते, दिवाणखान्यांतील बाईची लाजेनें सुटते. परिणाम एकच.

विद्येनें शंभर वर्षांत बेडकाच्या हृदयापासून माणसाच्या मानेंतील तारेपर्यंत मजल मारली, आणि अजून ती अर्ध्या वाटेवरच आहे. परंतु सर्वांत वरची पायरी चढण्याची पाळी फार थोड्यांवर येते. बाकीच्यांना लागतें तें एवढेंच कीं, औषध वेळेवर मिळावें, तें अर्ध्यावर सुटूं नये, आणि घरच्या कोणीतरी दर महिन्यास आठवणीनें विचारावें, ‘गोळ्या किती उरल्या?’ हाय खाल्लेल्या माणसाचा निकाल शेजाऱ्यांनीं लावावयाचा नसतो. तो उठूं शकतो. मात्र त्याला उठावयास लागणारे महिने त्याला कोणी तरी मिळवून दिले पाहिजेत.